ट्रेलरसाठी 7 इंची नेव्हिगेशन घेतलं, सहा महिन्यांनंतरचा हिशोब

पहिलं एक सांगून टाकतो, यात मीच फसणार होतो. आपल्याकडे ट्रकवाल्याला "जीपीएस लावलाय का" विचारलं की त्याचा अर्थ ट्रॅकर. म्हणजे डॅशबोर्डच्या आत लपवलेला सिमकार्डवाला छोटा डबा, जो शेठला मोबाईलवर दाखवतो की गाडी कुठे आहे आणि किती वेळ उभी आहे. ड्रायव्हरला त्याचा काडीचा उपयोग नाही, उलट ढाब्यावर अर्धा तास जास्त डोळा लागला की फोन वाजतो. कळंबोलीत स्टील मार्केटच्या आसपास चार दुकानं फिरलो, चौघांनीही ट्रॅकरच काढून समोर ठेवला. पाचव्याने विचारलं, "गाडी शोधायचीय का रस्ता शोधायचाय?" म्हणलं हाच माणूस आपला.

माझे दोन ट्रेलर आहेत, एक मी चालवतो आणि एक मामा (नात्याने मामा नाहीत, वयाने सगळ्यांचे मामा झालेत). न्हावा शेवातून 40 फुटी कंटेनर उचलायचा आणि बंगलोर, हुबळी, नागपूर, कधी इंदोर. इतकी वर्षं फोनवरच भागायचं आणि हायवेला भागतंच, घोळ शेवटच्या पाच किलोमीटरला होतो. मागच्या पावसाळ्यात भिवंडीच्या एका गोडाऊनला जाताना फोनने "शॉर्टकट" म्हणून अशा गल्लीत घातलं की समोर विजेच्या तारा लोंबतायत, डावीकडे गटार, उजवीकडे बिर्याणीवाल्याचा टेबल. रिव्हर्स काढायला पावणेदोन तास गेले, क्लिनर मागे बोंबलतोय, बाईकवाले पुढे बोंबलतायत. त्या रात्रीच ठरवलं की ट्रकचं वेगळं नेव्हिगेशन घ्यायचं.

यूट्यूबवर कॅनडातले पंजाबी ड्रायव्हर बघितलेत ना, त्यांच्या कॅबिनमध्ये मोठी स्क्रीन असते, त्यात गाडीची उंची, वजन, लांबी टाकायची आणि तो डबा बुटक्या पुलाखालून नेतच नाही. गार्मिनचं डेझल वगैरे त्यातलंच. मीही तेच स्वप्न डोक्यात घेऊन दुकानात गेलो होतो. पण त्या डब्याची अक्कल डब्यात नाही, नकाशात आहे. तिकडे कुठल्या पुलाची उंची किती आणि कुठल्या रस्त्यावर किती टन चालतं हे सगळं नकाशात भरलेलं असतं. ते भरलेलं नसेल तर उंची टाकायचा पर्याय म्हणजे नुसता फॉर्म.

मी जो घेतला तो 7 इंची, 14,500 रुपयांना, बॉक्सवर मोठ्या अक्षरात ट्रक मोड. कंपनीचं नाव लिहीत नाही, तसाही तोच डबा वेगवेगळे स्टिकर लावून विकतात. घरी आणून सगळं नीट भरलं. हायक्यूब (म्हणजे नेहमीपेक्षा उंच) कंटेनर साडेनऊ फूट, ट्रेलरचा बेड जमिनीपासून साधारण पाच फूट, म्हणजे साडेचौदा फूट, मीटरमध्ये 4.4. पहिल्या आठ दिवसांतच त्याने मला तसल्याच एका गल्लीच्या तोंडावर नेऊन उभं केलं. मग डोकं चालवलं आणि उंची 4.4 च्या जागी 9 मीटर टाकली, म्हणजे तीन मजली बिल्डिंग घेऊन निघालोय असं समजा. रस्ता तोच! रेल्वेच्या पुलाखालून, मिनिटाचाही फरक नाही. तेव्हा घेणार असाल तर पैसे द्यायच्या आधी दुकानातच ही परीक्षा घ्या, तुमच्या ओळखीचा एखादा बुटका पूल मध्ये येईल असा रूट लावा आणि उंची वेड्यासारखी वाढवा. रस्ता बदलला तर पुढे बोला, नाहीतर ट्रक मोडचे पैसे त्यात धरू नका.

नो एन्ट्रीचंही तेच. ठाण्यात अवजड गाड्यांना वेळा ठरलेल्या असतात, त्या बदलतातही, आणि गायमुख घाटात काम निघालं की अजून वेगळा आदेश येतो. माझा डबा सकाळी साडेआठला मला खुशाल माजिवड्यावरून घोडबंदरला काढत होता. त्याचं ऐकलं असतं तर पावती फाडूनच पुढे गेलो असतो. यासाठी अजून तरी आमचा ड्रायव्हर लोकांचा व्हॉट्सॲप ग्रुपच बेस्ट, कोणीतरी पुढे अडकलेला असतोच आणि तो शिव्या देत व्हॉइस नोट टाकतो.

आता करंटचं, कारण सगळ्यात जास्त लोक इथे मार खातात. कारला 12 व्होल्ट असतात, आपल्या मोठ्या गाडीला दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये म्हणजे 24. बॉक्समधला चार्जर कारचा होता, बारीक अक्षरात फक्त 12 व्होल्ट लिहिलेलं, मी न वाचता सॉकेटमध्ये खुपसला आणि पनवेल यायच्या आत कॅबिनमध्ये जळका वास. नशीब डबा वाचला, चार्जर मेला. दुकानदार म्हणाला वॉरंटीत चार्जर येत नाही. मग वायरिंगवाल्याने त्याची आयडिया सांगितली, दोनातल्या एका बॅटरीवरून 12 काढून देतो, शंभर रुपयात काम. हे अजिबात करू देऊ नका. एकाच बॅटरीवर लोड पडतो, ती कायम अर्धवट चार्ज राहते आणि दुसरी जास्त चार्ज होऊन उकळते, थोड्या दिवसांत जोडीच बदलावी लागते. ज्यावर 12-24 व्होल्ट स्पष्ट लिहिलंय असा चार्जर घ्या, मला साडेचारशेला मिळाला.

नकाशा किती जुना आहे तेही विचारा. समृद्धीचा शेवटचा इगतपुरी ते आमने हा 76 किलोमीटरचा तुकडा 5 जून 2025 ला सुरू झाला. मी डबा घेतला त्या वर्षीच्या गणपतीत, आतला नकाशा त्याच्याही आधीचा. नागपूरहून येताना इगतपुरीपर्यंत शहाण्यासारखा बोलत होता, पुढे गाडी स्क्रीनवर जंगलात शिरली आणि बाई दर दोन मिनिटांनी "यू टर्न घ्या, यू टर्न घ्या". तिथला जवळपास 8 किलोमीटरचा बोगदा लागला तेव्हा कुठे गप्प बसली, बोगद्यात उपग्रहच दिसत नाहीत ना. आवाज मराठी आहे म्हणून घेतला होता, पण ती कळंबोलीला "कालाम्बोली" म्हणते, मामा दर वेळी तिला दुरुस्त करतात. अपडेट फुकट आहे, पण घरी कॉम्प्युटरला जोडून करावं लागतं, पोराने रविवारी बसून केलं, चार तास लागले.

एवढं वाचून वाटेल की पैसे पाण्यात गेले. तसं नाही.

याचा खरा फायदा ऑफलाइनचा. मामांना वाटायचं याला रिचार्ज मारावा लागतो. गाडी कुठे आहे ते उपग्रहावरून कळतं, चार उपग्रह दिसले की झालं, त्याला नेट लागत नाही, नेट लागतं ते नकाशा आणि ट्रॅफिक आणायला. इथे नकाशा डब्यातच आहे. आंबा घाटात माझ्या सिमची रेंज जाते, तिथे हा आरामात चालतो, पुढचं वळण किती तीव्र आहे ते आधीच दिसतं, रात्री धुक्यात त्याची किंमत कळते. फोनवरही नकाशा आधी डाउनलोड करून ठेवता येतो हे मान्य, पण रेंज गेली की ट्रॅफिक तिथेही दिसत नाही, आणि फोनवर त्याच वेळी शेठचा, पार्टीचा, बायकोचा फोन येतो आणि नेमका फाट्यावर नकाशा गायब होतो. शिवाय उन्हात काचेला लावलेला फोन तापून बंद पडतो, डबा अजून तरी पडला नाही. आवाज मात्र कमी आहे, इंजिन आणि काचेच्या खडखडाटात ऐकू येत नाही, म्हणून मी बाहेरचा छोटा स्पीकर जोडलाय.

काचेला चिकटवायचा कप मे महिन्यात टिकणार नाही असं दिसतंय, फेब्रुवारीतच दोनदा मांडीवर पडला. मी डॅशबोर्डला स्क्रूने पट्टी मारून घेतली. नाहीतरी 2020 पासून नियमच आहे, मोबाईल हातात धरायचा तो फक्त रस्ता बघण्यापुरता आणि तोही लक्ष विचलित न होता. मग हातात धरायचाच कशाला.

थोडक्यात माझी सध्याची सोय अशी आहे, लांबच्या लाइनला डबा चालू, शहर जवळ आलं की फोनवर ट्रॅफिक, आणि गोडाऊनच्या आधी दोन किलोमीटर दोन्ही बंद करून पार्टीच्या माणसाला फोन, "40 फुटी येते का आत?" तुम्ही रोज एकाच रूटवर असाल, म्हणजे पोर्ट ते तळोजा किंवा पोर्ट ते भिवंडी, तर घेऊ नका, त्या पैशात टायरकडे बघा. नवीन ड्रायव्हर ठेवला असेल आणि गाडी चार राज्यांत फिरत असेल तर घ्या, पण ट्रक मोड सोडून हिशोब करा, साध्या 7 इंचीला 8,000 च्या वर जाऊ नका.

मामांच्या गाडीसाठी दुसरा घेऊ का विचारलं होतं. त्यांनी माझाच एक ट्रिप नेला, हुबळीला जाऊन आले. आल्यावर बघतो तर डब्यावर त्यांचा पंचा वाळत टाकलेला. म्हणाले, "चांगलाय रे, पण लई बोलतो."