बिल्ला वीसचा, आत बोर्ड चारचा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात जुने कॉम्प्युटर आणि वर्कस्टेशन जमवणारे लोक मोजकेच आहेत आणि बहुतेक एकमेकांच्या ओळखीचे आहेत. कुणाकडे कधीकाळी शाळेतून बाहेर पडलेला बीबीसी मायक्रो आहे, कुणी कॉलेजच्या भंगारातून उचललेली टर्मिनलं माळ्यावर ठेवलीत. त्यामुळे एकाला गंडवणारा माणूस दुसऱ्यालाही हमखास गाठतो. मला गाठून झाल्यावर त्यानं निपाणीच्या माझ्या मित्राला फोन केला. तिसरा कुणी असेल तर त्याच्यासाठी हे लिहितोय.

उद्यमबागेतल्या एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात मी नोकरीला होतो, तिथं सन कंपनीचं स्पार्कस्टेशन २० हे वर्कस्टेशन होतं. १९९४ सालचं मॉडेल. चपटी पेटी, प्रोसेसरसाठी दोन एमबस खाचा, जादा कार्डांसाठी चार एसबस खाचा, ५१२ एमबीपर्यंत मेमरी घेणारी. शेजारच्या अकाउंट्सच्या पीसीत १६ एमबी होती आणि त्याचंही त्यांना कौतुक होतं! पंपाच्या हाउसिंगची ड्रॉइंगं आम्ही त्या सनवर करायचो. पुढे कारखाना विकला गेला, मशीन कुठल्या भंगारवाल्याकडे गेलं कोण जाणे. तेव्हापासून एक वीस नंबर मिळवायचं डोक्यात होतं.

जाहिरात दिसली ती जुन्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीच्या अ‍ॅपवर. फोन केला. माणूस तोंडाचा गोड.

"सर, मला ह्यातलं ढिम्म कळत नाही. मामांचं वर्कशॉप होतं इचलकरंजीला. पंचवीस वर्षं माळ्यावर पडून आहे. भंगारात घालायला जीव होत नाही."

मी बेळगावचा म्हटल्यावर तर त्याचा स्वरच बदलला. "सीमाभागातली माणसं म्हणजे आपलीच की वो. तुमच्याकडनं नफा कसला घ्यायचा?"

आम्हा लोकांना पलीकडच्या कुणी 'आपलं' म्हटलं की अर्धा सौदा तिथंच होतो. ठगांनाही हे आता पाठ झालेलं दिसतं.

मग व्हिडिओ आला. सुरू झालेलं मशीन, पडद्यावर बॅनर, म्हणजे मशीननं स्वतःची ओळख सांगणारा मजकूर, त्यात मॉडेलचं नाव, मेमरी, आणि सनच्या ८:०:२० नं सुरू होणारा इथरनेट (नेटवर्कचा) पत्ता. सगळं अस्सल. खटकलं ते हेच. या मशीनचा इथरनेट पत्ता आणि होस्ट आयडी, म्हणजे मशीनचा ओळख-क्रमांक, एनव्हीरॅम नावाच्या बॅटरीवर चालणाऱ्या मेमरी-चिपमध्ये असतात आणि त्या चिपची बॅटरी चिपच्याच पोटात ओतून बंद केलेली असते. दहा-बारा वर्षांत ती संपते. मग मशीन चालू केलं की ओळखीची नोंद (आयडीप्रॉम) अवैध असल्याची तक्रार येते आणि पत्त्याच्या जागी नुसते एफएफ-एफएफ दिसतात. पंचवीस वर्षं माळ्यावर पडलेल्या मशीननं स्वतःचा पत्ता एवढा ठणठणीत सांगावा कसा?

मी त्याला विचारलं. उत्तर तयार होतं. "गावातल्या एका पोराकडनं सेल बदलून घेतला सर." हे ऐकायला बरोबर वाटतं, कारण चिपचं डोकं कानशीनं घासून बाहेरून तीन व्होल्टचा बटण-सेल जोडणारे लोक खरोखरच आहेत. पण सेल बदलला म्हणून आकडे परत येत नाहीत. मशीन आज्ञा घेतं त्या 'ओके' प्रॉम्प्टवर बसून ते एकेक करून हातानं भरावे लागतात. ते कुणी भरले, हा खरा प्रश्न. ज्यानं भरले त्याला मशीनची नस न् नस माहीत असणार, आणि विकणाऱ्याला ढिम्म कळत नाही म्हणे. शिवाय वीस नंबरचा मॉनिटरचा सॉकेट १३डब्ल्यू३ जातीचा, साधी व्हीजीए केबल त्यात बसतच नाही. ज्याला खरंच काही कळत नाही, त्याच्याकडून चालू पडद्याचा व्हिडिओ येणं अवघड. आपल्याकडचा खरा अडाणी विक्रेता पाठवतो तो धुळीनं माखलेल्या पेटीचा फोटो, पंख्याच्या जाळीत कुंभारमाशीचं घर असलेला. असा फोटो आला की मला उलट धीर येतो.

तरीही सौदा २८,००० वर ठरला. १०,००० आधी, बाकीचे माल ट्रान्सपोर्टला टाकल्याची पावती, म्हणजे एलआर, आल्यावर. क्यूआर कोड स्कॅन केला तर नाव भलत्याचंच. "भाच्याचं खातं आहे." मग तो म्हणाला, "कोगनोळी नाका ओलांडायचा म्हणजे आंतरराज्य माल, ई-वे बिलाचे १,८०० वेगळे लागतील." मी त्याला सुनावलं की पन्नास हजारांच्या आतल्या असल्या मालाला ते बिल लागत नाही, आणि लागतं तिथंही ते पोर्टलवर फुकट निघतं. त्यानं क्षणात माघार घेतली. "राहू दे सर, तुमच्यासारख्या जाणकाराशी कशाला वाद." आता वाटतं, ते १,८०० त्याला नकोच होते. मी एक लबाडी पकडावी, खूश व्हावं आणि पुढचं निमूट द्यावं, एवढ्यासाठीच तो खडा टाकलेला असावा. निपाणीच्या मित्रानं मात्र ते भरले.

एलआर खरी होती. उरलेले १८,००० गेले, पेटीही आली. ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनमध्येच, हमालाच्या हातात मोबाईल देऊन चित्रीकरण करत उघडली. पुढचा बिल्ला २० चा, पण कडेनं ताज्या गोंदाचे थेंब. मागची बाजू फिरवली तर एसबसची खाच एकच. म्हणजे हे स्पार्कस्टेशन ४. चार, पाच आणि वीस या तिन्ही नंबरांची पेटी एकच, त्यामुळे बिल्ला बदलला की पुढून काही कळत नाही. झाकण काढलं. मेमरीच्या खाचा रिकाम्या, हार्ड डिस्कची जागा रिकामी, एनव्हीरॅमचा सॉकेट रिकामा. पॉवर सप्लायच्या जागी गोणपाटात गुंडाळून चिकटपट्टीनं आवळलेला लोखंडाचा तुकडा. तो मी हातात घेताच ओळखला. कास्टिंगचा तोडलेला रायझर, म्हणजे ओतकामात वर उरणारा जादा धातू, भाजलेली वाळू अजून चिकटलेली. अख्खी नोकरी फौंड्रीवाल्यांच्या संगतीत काढलेल्या माणसाला वजन भरायला रायझर पाठवायचा, म्हणजे कमालच.

मेमरीच्या सोनेरी पट्ट्या आणि चिपा सोनं काढणाऱ्यांकडे आधीच गेल्या असणार, म्हणजे एकाच मशीनवर त्यानं दोनदा कमावलं. पण रिकामी का होईना, पेटी पाठवण्याची तसदी त्यानं घेतली, ती कशाला? ते पोलिसांत तक्रार द्यायला गेल्यावर उमगलं. "माल तर मिळाला की तुम्हाला," हा पहिलाच प्रश्न. काहीच आलं नसतं तर ती सरळ फसवणूक. खोकं आलं की तो गिऱ्हाईक आणि दुकानदारातला वाद दिसायला लागतो. गोडाऊनमधलं चित्रीकरण आणि ट्रान्सपोर्टच्या कारकुनाची सही तिथं कामी आली. सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनवर फोन करून झाला होता, पण पैसे तोवर तिसऱ्याच राज्यातल्या खात्यातून काढले गेले होते. कुणाला जायची वेळ आलीच तर तारीखवार हकिगतीचा एक कागद कन्नडमध्ये लिहून न्या. आपण मराठीत सांगायचं, समोरच्यानं कन्नडमध्ये उतरवायचं, यात 'बोर्ड बदलला' आणि 'बोर्ड बिघडला' यातला फरक सहज हरवतो.

हल्ली मी व्हिडिओ घेतच नाही. व्हिडिओ कॉल लावायला सांगतो, माझा नंबर कागदावर लिहून पडद्याला चिकटवायला लावतो, बॅनरची आज्ञा पुन्हा टाइप करायला सांगतो, आणि कॅमेरा न थांबवता मशीन मागून दाखवायला लावतो. खाचा मी मोजतो. त्याला मशीन चालूच करता येत नसेल तरी हरकत नाही, भाव बंद मशीनचा द्यायचा.

तीच जाहिरात आता सांगलीच्या नावानं फिरतेय, किंमत २४,०००. मला आलेल्या व्हिडिओचा आवाज काढलेला होता; मित्राला आला त्यात आवाज आहे, आणि मागं दोघं जण कुठल्याशा युरोपीय भाषेत हसत बोलतायत. मॉनिटरच्या डाव्या बाजूला भिंतीवर गोल, आत खोल गेलेला दोन भोकांचा विजेचा सॉकेट दिसतो. तसला सॉकेट ना इचलकरंजीत, ना सांगलीत.