गॅलरीची कबुतरजाळी: पोराला पाच स्टार, ऑफिसला दोन

कर्वेनगरात तिसऱ्या मजल्यावर राहते. जाळीवाल्याचं नाव लिहीत नाही. तक्रार ऑफिसाची आहे आणि काम करणाऱ्या पोराचं पोट त्याच ऑफिसावर आहे.

लेक पहिल्या बाळंतपणाला येणार होती, तारीख जानेवारीअखेरची. गॅलरीत पारव्यांची विष्ठा, त्यात तान्हं बाळ, म्हणून दिवाळी झाल्याझाल्या फोन केला. चौरस फुटाला १८ रुपये ठरले, माप निघालं ११० फूट. पोरगा उगवला २३ नोव्हेंबरला. ड्रिल काढलं, एसीच्या युनिटमागे डोकावला आणि तसाच मागे फिरला.

"काकू, अंडी आहेत दोन. कधीची?"

पहिलं २० तारखेला संध्याकाळी दिसलं होतं, दुसरं एक दिवस सोडून. त्याने बोटांवर हिशेब केला. "मग संक्रांतीला बोलवा. आत्ता लावली तर अंडी आत, आईबाप बाहेर, नि दोघं जाळीवर धडका मारत बसतील. फेकायची तर तुम्ही फेका, मी नाय हात लावत."

मी काय फेकणार! घरी गरोदर लेक यायची आहे. ऑफिसला फोन केला तर बाई म्हणाल्या, "मॅडम, अंडी आमच्या कामात येत नाहीत." व्हिजिटचे ३०० रुपये मात्र कामात आले.

पुढचे सात आठवडे जाळीऐवजी पारवेच बघितले. आमच्या लग्नात आईने दिलेली पारवा रंगाची साडी अजून कपाटात आहे, पण त्या पक्ष्याच्या मानेवर हिरवा-जांभळा दोन्ही असतो हे पासष्टीत कळलं. नर-मादी सारखेच दिसतात. आमच्या नराच्या डाव्या पंखात एक पांढरं पीस होतं म्हणून ओळखता आलं. अंड्यांच्या आधी महिनाभर त्याचं घुमणं चालू होतं, गळा फुगवून, शेपटी कठड्याला घासत, गोल गोल. मग ती त्याच्या चोचीत चोच घालणार आणि तो तिला भरवणार. घरटं म्हणाल तर काटक्यांचा कचरा. पण तो एका वेळी एकच काडी आणायचा, तिच्या पाठीवर उभा राहून पुढे ठेवायचा, की ती बसल्याबसल्या आपल्याखाली खोचायची. त्यात आमच्या केबलची तारही गेली.

मी बँकेत ३४ वर्षं काढली, म्हणून ड्यूटी लगेच लक्षात आली. सकाळी दहाच्या सुमाराला पांढऱ्या पिसाचा येऊन बसायचा तो दुपार टळेपर्यंत. संध्याकाळ, रात्र, पहाट तिची. आमच्या ह्यांना मी हे दोनदा ऐकवलं, त्यांनी दोन्ही वेळा पेपर वर केला.

१० डिसेंबरला पिल्लं बाहेर आली. पिवळट लव, डोळे मिटलेले, अंगाच्या मानाने अवाढव्य चोच. आईबाप दाणे भरवतील म्हणून बघत होते, तर पिल्लानेच चोच बापाच्या घशात घातली. तेव्हा आठवा महिना लागलेली लेक येऊन पोचली होती. ती मायक्रोबायोलॉजीची, तिने सांगितलं, ते दूध आहे. गळ्यात दाणे साठवायची जी पिशवी असते तिच्या आतल्या अस्तराच्या पेशी सुटतात, त्याचा दह्यासारखा लगदा होतो, प्रथिनं आणि चरबीने भरलेला. पहिले काही दिवस पिल्लांना फक्त तेच, मग त्यात दाणे मिसळत जातात. आमच्याकडेही दूध पिशवीतलंच येतं, पण हे आई आणि बाप दोघांच्या पिशवीत तयार होतं! ते करवणारं संप्रेरक प्रोलॅक्टिन, म्हणजे बाळंतिणीला दूध आणणारं तेच. १९३०च्या दशकात अमेरिकेत ऑस्कर रिडलने त्याला हे नाव दिलं तेसुद्धा पारव्याच्या या पिशवीवर प्रयोग करताना. असं दूध फ्लेमिंगोलाही येतं. डिंकाचे लाडू वळता वळता मी हे ऐकत होते, आणि एक लाडू चुरून कठड्यावर ठेवायचा मोह झाला होता. नाही ठेवला. खायला घातलं की वाढतात.

आता जाळी बसवणाऱ्यांसाठी कामाचं. पिल्लं उडाली की लगेच मोकळा वेळ मिळेल असं समजू नका. पिल्लं अडीच आठवड्यांची होती, बाप त्यांना भरवत होता, तेवढ्यात मादीने कठड्याच्या दुसऱ्या टोकाला नव्या काड्या मांडायला घेतल्या. या पक्ष्याचा विणीचा हंगाम जवळजवळ बाराही महिने चालतो. मी रोज सकाळी त्या काड्या काढून टाकत गेले. अंडं पडायच्या आत काढायच्या, नंतर पुन्हा पंचाईत. १२ जानेवारीला दुसरं पिल्लू उडालं, त्याच संध्याकाळी फोन केला आणि भोगीला सकाळी पोरगा हजर. त्याचा हिशेब एका दिवसाने चुकला.

काम झकास. नायलॉनची पारदर्शक जाळी, उन्हात टिकणारी म्हणतात ती. चौकडा दीड इंची, दुरून दिसतही नाही. हूक फूट-फूट अंतरावर, दोरी ताणून. एकच गोष्ट मला आवडली नाही. पारवे घरट्यातली घाण काढत नाहीत, त्यामुळे घरट्याची सिमेंटसारखी वाटी झाली होती, आणि ती पोरगा पत्र्याने कोरडीच खरवडायला निघाला. त्या धुळीने फुफ्फुसाला सूज येते. मी आधी पाणी मारायला लावलं, मास्क दिला, लेकीला आतल्या खोलीत बसवलं. हे खरं तर ऑफिसने त्याला शिकवायला हवं.

आणि वॉरंटी. फोनवर पाच वर्षं. बिलावर बारीक अक्षरात लिहिलंय, फक्त जाळीची, फिटिंगची नाही. फेब्रुवारीत खालच्या कोपऱ्यातला हूक सुटला आणि एक पारवा आत आला. तीन फोन केले, तिन्ही वेळा "उद्या माणूस पाठवतो". शेवटी पोराच्या मोबाईलवर केला. तो कामावरून घरी जाता जाता येऊन हूक ठोकून गेला. पैसे घेतले नाहीत. नातवाच्या बारशाचा पेढा घेतला.

पांढऱ्या पिसाचा आता समोरच्या इमारतीत घुमतोय, दुसऱ्या मजल्याच्या खिडकीवर. तिथल्या काकूंनी काल जाळीवाल्याचा नंबर मागितला. मी पोराचा दिला, आणि आधी एसीमागे बघून या म्हटलं.