टर्बो गाडीचा पिकअप अचानक गेला: गॅरेजचा स्कॅनर की स्वतःचा ओबीडी डोंगल?

बोरघाटाच्या चढावर गाडी एकदम दबते, ३००० आरपीएमच्या वर जायला तयार होत नाही आणि चेक इंजिनचा पिवळा दिवा लागतो. कडेला घेऊन चावी बंद-चालू केली की पुन्हा पहिल्यासारखी पळते. टर्बोवाल्यांच्या ओळखीचा हा लिंप मोड, म्हणजे दोष दिसला की गाडी स्वतःच आपली ताकद कमी करते. पुढचा प्रश्न असतो तो थेट गॅरेजच्या मोठ्या स्कॅनरवर न्यायची, की आधी स्वतःचा ओबीडी डोंगल (गाडीच्या तपासणी सॉकेटमध्ये बसणारा, फोनवर आकडे दाखवणारा छोटा जोड) लावून बघायचं याचा. मी दोन्ही वापरतो. कल कुठे आहे ते वाचताना कळेलच, पण गॅरेजच्या स्कॅनरची बाजूही लहान नाही.

तो अ‍ॅक्च्युएटर टेस्ट करतो, म्हणजे टर्बोची व्हेन (एक्झॉस्टचा झोत वळवणारी पाती) किंवा ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा एक्झॉस्ट पुन्हा इंजिनात सोडणारा) हुकूम देऊन हलवून बघतो. इंजेक्टरचे करेक्शन आकडे दाखवतो, डीपीएफमध्ये, म्हणजे एक्झॉस्टच्या फिल्टरमध्ये, काजळी किती साठली ते सांगतो आणि फोर्स रिजनरेशनही करतो, म्हणजे ती मुद्दाम जाळतो. एप्रिल २०२० नंतरची बीएस-६ डिझेल असेल आणि ती रोज दादर ते बीकेसी एवढीच रांगत असेल, तर पहिला संशय डीपीएफवर घ्या. काजळी जळायला साधारण ६०० अंश तापमान लागतं, ते सिग्नलच्या ट्रॅफिकमध्ये कुठून येणार? अशा गाडीला डोंगल लावून वेळ घालवू नका.

बाकीच्या बाबतीत माझं घोडं अडतं ते एकाच गोष्टीवर: गॅरेजमध्ये दोष दिसतच नाही. चावी फिरवली तेव्हाच लिंप मोड गेलेला असतो. मेकॅनिक कोड वाचतो, बहुतेक वेळा पी०२९९, म्हणजे बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा दाब) कमी. तो लगेच उडवतो आणि कुर्ल्याच्या गल्लीत एक चक्कर मारून आणतो. गल्लीत दुसऱ्या गिअरच्या वर जाता येत नाही, टर्बोवर पूर्ण लोड येतच नाही, मग ‘आता ठीक आहे’ असं ऐकायला मिळतं. कोडबरोबर फ्रीझ फ्रेमही पुसली जाते. दोष आला त्या क्षणीचा आरपीएम, वेग, लोड आणि इंजिनचं तापमान त्यात साठवलेलं असतं, म्हणजे सगळ्यात कामाचा पुरावाच जातो. पुढच्या खेपेला कोड तोच, आणि अंदाजाने टर्बो बदलायची भाषा सुरू. पी०२९९ टर्बो खराब आहे असं म्हणत नाही. मागितला तेवढा दाब मिळाला नाही, एवढंच म्हणतो.

डोंगल दोष येतो तिथेच हजर असतो, हा त्याचा मोठा गुण. आधी इंजिन बंद ठेवून चावी ऑन करा आणि मॅप सेन्सर (इनटेकमधला हवेचा दाब मोजणारा) बघा. मुंबईत १००-१०१ किलोपास्कल दिसायला हवं, लोणावळ्यात ९४ च्या आसपास. इथेच आकडा भलता असेल तर आधी सेन्सर तपासा. मग मोकळ्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये १५०० पासून ३५०० आरपीएमपर्यंत पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर द्या. लॉगवर (फोनमध्ये होणारी आकड्यांची नोंद) फक्त चार गोष्टी ठेवा: आरपीएम, मॅप, एमएएफ (आत येणारी हवा) आणि रेल प्रेशर (इंजेक्टरकडे जाणाऱ्या डिझेलचा दाब). जास्त घेतल्या की स्वस्त डोंगल इतका रेंगाळतो की नेमका क्षण निसटतो. फोन शेजारच्याच्या हातात द्या.

आता लॉग वाचायचा. बऱ्याच टर्बो डिझेलमध्ये पूर्ण लोडला मॅप २०० किलोपास्कलच्या वर जातो. तो १४०-१५० वर अडकला आणि एमएएफ मात्र भरपूर असेल, तर हवा टर्बोनंतर कुठेतरी निसटते आहे. डिझेलमागे काळा धूरही दिसेल. मॅप आणि एमएएफ दोन्ही कमी असतील तर चोंदलेला एअर फिल्टर, व्हॅक्यूमची बारीक नळी, अडकलेली व्हेन किंवा तुंबलेला एक्झॉस्ट. मॅप ठीक पण रेल प्रेशर कोसळतं, तर डिझेल फिल्टरपासून सुरुवात करा (अ‍ॅप किलोपास्कल दाखवतं, १०० ने भागलं की बार). मॅप आधी उसळी मारून मग एकदम तुटला, तर काजळीने अडकणाऱ्या व्हेनकडे बघा. त्याचा कोड बहुधा पी०२३४ असतो.

माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त वेळा सापडतो तो इंटरकूलरचा (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या भागाचा) रबरी होज. वरून तो धडधाकट दिसतो. वळणाच्या खालच्या बाजूला बोट फिरवा, तेलकट काळी रेघ लागेल. तिथेच दोन्ही हातांनी पिळला की चीर उघडते, सोडला की मिटते. दाब आल्याशिवाय ती गळत नाही, म्हणून उभ्या गाडीत काही कळत नाही. क्लिपच्या कडेलाही बघा. होजच्या आत थोडं तेल असणं चालतं, ते इंजिनच्या ब्रीदरमधून (आतली वाफ बाहेर सोडणारी नळी) येतं. तेवढ्यावरून टर्बोला दोष देऊ नका.

डोंगलच्या मर्यादाही आहेत. साधं अ‍ॅप मिळालेला बूस्ट दाखवतं, पण ईसीयूने (इंजिनच्या कॉम्प्युटरने) मागितला किती हे बऱ्याच गाड्यांत दाखवत नाही. त्यासाठी कंपनीनुसार सॉफ्टवेअर लागतं: फोर्डला फोरस्कॅन, फोक्सवॅगन-स्कोडाला व्हीसीडीएस. ईएलएम३२७ (बऱ्याच डोंगलमधली चिप) च्या अगदी स्वस्त नकला काही गाड्यांशी बोलतच नाहीत, म्हणून परत करता येईल अशा ठिकाणाहूनच घ्या. आयफोन असेल तर वायफाय किंवा ब्लूटूथ एलई वाला बघून घ्या. काम झालं की काढून ठेवा, नाहीतर उभ्या गाडीची बॅटरी उतरते.

गॅरेज टाळा असं मी म्हणत नाही, फक्त हातात लॉग घेऊन जा. तो मेकॅनिकला व्हॉट्सअ‍ॅप करा, कोड उडवण्याआधी फ्रीझ फ्रेमचा फोटो घ्यायला सांगा आणि टर्बोला हात लावण्याआधी स्मोक टेस्ट मागा. त्यात नळ्यांमध्ये धूर सोडतात, तो बाहेर येईल तिथे गळती.

मात्र पिकअप जाताना मागे निळा धूर असेल, टर्बोतून घासल्याचा आवाज येत असेल किंवा डिपस्टिकवर तेल झपाट्याने उतरत असेल, तर लॉगसाठी एक किलोमीटरही चालवू नका. टर्बोच्या सीलमधून तेल इनटेकमध्ये गेलं तर डिझेल इंजिन त्याच तेलावर पळत सुटतं आणि चावी काढूनही थांबत नाही. मॅन्युअल गाडी असेल तर ब्रेक घट्ट दाबून वरचा गिअर टाका, क्लच सोडून इंजिन बंद पाडा आणि टो करून न्या.