दुरुस्तीला हात घालण्याआधी: कोल्हापुरातील एका घर-पाहणी सेवेचा अनुभव

घरावर पैसे घालायचे ठरले की बहुतेक ठिकाणी पहिला फोन गवंड्याला नाहीतर रंगाऱ्याला जातो आणि ज्याला फोन गेला त्याच्याच कामापासून दुरुस्तीला सुरुवात होते. आम्ही त्याऐवजी एका निवृत्त स्थापत्य अभियंत्यांची पाहणी-सेवा घेतली. ते ठेका घेत नाहीत, साहित्यही विकत नाहीत. ठरलेली फी घेऊन घर पाहतात आणि कोणते काम आधी, कोणते नंतर व कोणते करूच नये, याचा लेखी अहवाल देतात. काही उणिवा असूनही ही सेवा फी वसूल करून देणारी आहे, असे माझे मत झाले आहे.

राजारामपुरीतील आमचे घर दुमजली आणि जुने आहे. मॉड्युलर किचन, हॉलला फॉल्स सिलिंग आणि सगळीकडे नवा रंग, अशी आमची यादी तयार होती. अभियंत्यांनी ती पूर्ण ऐकून घेतली आणि थेट गच्ची गाठली. तिथे बादल्यांनी पाणी ओतायला लावून ते कुठे वळते हे पाहत ते उभे राहिले. पाणी पाइपकडे न जाता कठड्याच्या एका कोपऱ्यात साचत होते आणि नेमक्या त्याच कोपऱ्याखाली, वरच्या खोलीच्या छताला दर पावसाळ्यात ओल येत होती. मग त्यांनी हातोडीच्या दांड्याने छताचा गिलावा ठोकत नेला. घट्ट जागी आवाज खणखणीत येत होता, सुटलेल्या जागी पोकळ. अशा एका जागेचा पापुद्रा काढल्यावर आत गंजून फुगलेली सळई दिसली. गंज चढला की लोखंड फुगते आणि भोवतालचे काँक्रीट फोडते, त्यामुळे तिथे नुसती पुट्टी फिरवून रंग दिल्यास तो टिकत नाही, हे त्यांनी सळईवर बोट ठेवून समजावले. फॉल्स सिलिंग आधी झाले असते तर ही सळई वर्षानुवर्षे झाकलेली राहिली असती.

अहवालाचा खरा उपयोग कामांच्या क्रमात आहे. प्रथम गच्चीचा ढाळ, कठड्यालगतचा वाटा (कठडा व गच्ची यांच्या सांध्यातील सिमेंटचा गोलसर भराव) व वॉटरप्रूफिंग आणि सळईची दुरुस्ती. त्यानंतर बाथरूमची गळती. मग वायरिंग, आणि भिंती फोडण्याचे सारे काम संपल्यावरच गिलावा व रंग. वॉटरप्रूफिंग झाल्यावर गच्चीवर किमान 24 तास पाणी कोंडून चाचणी घ्यावी आणि ठेकेदाराचा शेवटचा हप्ता त्यानंतरच द्यावा, असे अहवालात स्पष्ट लिहिले आहे. हल्ली सर्रास मिळणाऱ्या पोझोलाना (राख मिसळलेल्या) सिमेंटचे काँक्रीट किमान 10 दिवस ओले ठेवावे, असे आयएस 456 हे भारतीय मानक सांगते. पाणी मारण्यात होणारी टाळाटाळ ओळखून त्यांनी तेही नोंदवले. वायरिंगमध्ये अर्थिंग तपासून 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवण्याची त्यांची सूचना मला स्वयंपाकघराच्या नव्या कपाटांपेक्षा कितीतरी मोलाची वाटते. छतावरील सौरऊर्जेसाठी पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान आहे आणि आमचा तोही विचार होता. मात्र पॅनेलच्या सांगाड्याचे पाय एकदा गच्चीत रोवले की त्याखाली पुन्हा वॉटरप्रूफिंग करणे अवघड जाते, म्हणून तो खर्च त्यांनी गच्चीच्या कामानंतर ठेवला.

हाच क्रम ते सर्वांना देत नाहीत, हे मला विशेष आवडले. माझ्या मावसभावाचे घर शाहूपुरीच्या सखल भागात आहे आणि 2019 व 2021 या दोन्ही महापुरांत तिथे पाणी शिरले होते. त्याला त्यांनी तळमजल्यावरचे स्विचबोर्ड आणि इन्व्हर्टर उंचावर घ्यायला आणि खाली प्लायवूडचे फर्निचर न करायला सांगितले.

आता उणिवा. अहवाल कबूल केलेल्या तारखेनंतर बऱ्याच उशिरा हाती आला. त्यातील खर्चाचा अंदाज ठोक रकमेत होता, चौरस फुटांची मापे नव्हती. मापांशिवाय ठेकेदारांच्या कोटेशनांची तुलना करताच येत नाही. आम्ही आग्रह धरल्यावर त्यांनी मापे दिली, पण ती मुळातच अहवालात असायला हवीत. काम चालू असताना येऊन पाहण्याची फी वेगळी आहे, हेही सुरुवातीला कोणी सांगितले नाही.

केवळ एखाद्या खोलीचा रंग बदलायचा असेल तर या सेवेची गरज नाही. परंतु घर जुने असेल, ओल दिसत असेल आणि खर्च लाखांच्या घरात जाणार असेल, तर ती अवश्य घ्यावी. वेळ मात्र फेब्रुवारीतच ठरवावी, कारण गच्चीचे काम मृगाच्या आत उरकायचे तर एप्रिल-मेमध्ये त्यांचीही तारीख मिळत नाही आणि चांगल्या गवंड्याचीही नाही.