आबाजीची पत्रं स्कॅन केली, काम चांगलं पण टायपिंग स्वतः तपासा (४ स्टार)

एसटी स्टँडसमोरच्या झेरॉक्स सेंटरात आबाजीची २३ पत्रं स्कॅन अन टाइप करून त्याचं पुस्तक बांधून घेतलं. आबाजी म्हणजे माझे आजोबा, महार रेजिमेंटमधी होते, ट्रेनिंग सागरला, मंग ७१ ची लढाई. सगळे निळे अंतर्देशीय, घडीवर फाटलेले, लढाईतल्या पत्रांवर पाठवणाऱ्याच्या पत्त्यात जागेचं नाव नाही, नुसतं ५६ एपीओ, म्हणजे फौजेच्या टपालाचा नंबर.

स्कॅनिंग एक नंबर. मी तं लॅमिनेशनच करा म्हणत होतो, दुकानदारानंच अडवलं, भाऊ एकदा गरम रोलरमधून गेला तं कागद परत निघत नाही. ६०० डीपीआयवर केलं, पुसट पेन्सिल पण वाचता येते.

घोळ टायपिंगमधी. पोट्ट्यानं सगळ्याच पत्रांवर 'सप्रेम नमस्कार' टाकून देल्लं, एकसारखं दिसावं म्हणे! अबे, वर नमस्कार का जयभीम, तेच तं होतं ना त्या पत्रांत. पंजोबाले वाचता येत नव्हतं, गावात दुसऱ्याच्या ओसरीवर पत्र वाचून घ्या लागे, म्हणून ट्रेनिंगमधून आबाजी जयभीम न लिहिता नमस्कारच लिहित. १४ ऑक्टोबर १९५६ ले सहा वर्षांचं पोरगं, म्हणजे आबाजीच, बापाच्या खांद्यावर बसून नागपूरले बाबासाहेबांच्या बौद्ध दीक्षेला गेलं, अन तेच पोरगं मोठं झाल्यावर बापाले विचारते का फॉर्मवर धर्म काय लिहू. (बौद्ध लिहिलं का केंद्राची अनुसूचित जातीची सवलत जाये तेव्हा, ते १९९० ले सुधरलं.) मंदिर परेडले (पलटणीच्या देवळातली हजेरी) सगळ्यासंग उभा राहतो अन मनात त्रिशरण (बुद्ध, धम्म, संघाले शरण) म्हणतो, असं पण आहे एकात. डिसेंबर ७१ च्या पत्रात, लढाई चालू असताना, पहिल्यांदा वर 'जयभीम' लिहिलं. खाली विचारलं का रोज पाणातिपाता वेरमणी (जीव घेणार नाही) म्हणतो अन हातात रायफल आहे, तं मी बौद्ध राहिलो का. पंजोबानं काय उत्तर लिहवलं ते आपल्याकडं नाही, ते पत्र तिकडं गेलं.

अन त्याच्यावर सप्रेम नमस्कार! दुकानात आवाज चढला माझा, खरं सांगतो. पण मालकानं वाद नाही घातला, रात्री बसून सगळं बदलून देल्लं, एक रुपया जास्त नाही घेतला, वरून टाइपच्या समोरच्या पानावर मूळ पत्राचा फोटो लावा हे त्यानंच सुचवलं. टोटल १४५० लागले, शिलाई पक्की आहे. दुपारी लाइन जाते तं सकाळीच जा.