हिमालयन ४५० खाली घेतल्यावर : साताऱ्यातील एका कार्यशाळेच्या कामाचे परीक्षण

रॉयल एनफील्ड हिमालयन ४५० ची सीट मूळ मांडणीत जमिनीपासून ८२५ मिलिमीटर उंच असते आणि गाडीचे वजन १९६ किलो भरते. माझी उंची पाच फूट चार इंच. सपाट रस्त्यावर चवडे टेकतात आणि तेवढ्यावर भागते. परंतु शनिवार-रविवारी पसरणी घाटात पाचगणीकडे जाणाऱ्या मोटारींची रांग वळणावरच थांबते, रस्त्याच्या उतारामुळे एका बाजूचा पाय पोहोचत नाही, आणि मागे माणूस व दोन्ही बाजूंना सामानाच्या पेट्या असताना गाडी सावरणे जिकिरीचे होते. म्हणून सातारा शहरातील एका कार्यशाळेत मी गाडी खाली घेण्याचे, म्हणजे तिची उंची कमी करण्याचे, काम करून घेतले. कामात सफाई होती, दरही वाजवी होता. मात्र या बदलामुळे वळणात गाडी किती झुकवता येईल, याविषयी तेथे कोणी एक शब्दही काढला नाही. त्यामुळे या परीक्षणाचा मोठा भाग त्याच मुद्द्याला द्यावा लागतो आहे.

या गाडीचा मागचा शॉकॲब्सॉर्बर थेट स्विंगआर्मवर (मागचे चाक धरणाऱ्या दांड्यावर) न बसता लिंकेजमधून, म्हणजे मधल्या जोडपट्ट्यांच्या तरफेतून, काम करतो. त्या लिंकेजमधल्या प्लेट मूळच्या प्लेटपेक्षा थोड्या लांब बसवल्या की चाक जागेवरच राहते आणि गाडीचा सांगाडा खाली उतरतो. कार्यशाळेने मागून ३० मिलिमीटर खाली आणणाऱ्या प्लेट बसवल्या. ‘सीट ३० मिलिमीटर खाली येईल’ असे जे सांगितले गेले, ते मात्र खरे नव्हते. ३० मिलिमीटर हा आकडा मागच्या आसाजवळचा असतो. चालकाची बैठक दोन्ही चाकांच्या मधे कुठेतरी येत असल्याने फक्त मागची बाजू उतरवली, तर बैठकीला साधारण १८ ते २० मिलिमीटरच मिळतात. शिवाय पुढचा भाग तसाच राहिल्याने फोर्कचा (पुढचे चाक धरणाऱ्या दोन नळ्यांचा) कल सुमारे एका अंशाने वाढतो, हँडल जड लागते आणि हेडलाइट समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर जातो. मिस्त्रींनी हे ओळखून फोर्कच्या नळ्या क्लॅम्पमधून १५ मिलिमीटर वर सरकवल्या आणि पट्ट्यांनी पुढचा भाग पूर्ण दाबून चाक कशाला अडत नाही ना, हेही पाहिले. एवढी काळजी घेणारे हात सहसा भेटत नाहीत. हेडलाइटची पातळीही त्यांनी न सांगता जुळवून दिली.

आता झुकावाचा हिशोब. समजा, फुटरेस्टचे टोक जमिनीपासून ३१० मिलिमीटर उंच आहे आणि टायरच्या मध्यरेषेपासून ३८० मिलिमीटर बाहेर आहे. टायरची रुंदी बाजूला ठेवली, तर ते टोक सुमारे ३९ अंश झुकावाला रस्त्याला लागेल. मागून ३० आणि पुढून १५ मिलिमीटर उतरवलेल्या गाडीत फुटरेस्टपाशी साधारण २५ मिलिमीटर कमी होतात आणि तीच मर्यादा ३७ अंशांच्या आसपास येते. वीस मीटर त्रिज्येच्या वळणात हा फरक कागदावर ताशी जेमतेम दोन किलोमीटरचा आहे. एकट्याने, सामानाशिवाय यवतेश्वरचा घाट चढून कासला जाताना मला तो जाणवलाही नाही, आणि जाणवू नये इतकाच तो आहे.

खरा फरक वजन वाढल्यावर पडतो, कारण वरचा हिशोब स्थिर गाडीचा आहे आणि वळणातली गाडी स्थिर नसते. ३५ अंश झुकलेल्या गाडीच्या सस्पेन्शनवर सरळ चालताना असतो त्याच्या सुमारे १.२ पट भार येतो. त्यात मागचा माणूस आणि पेट्या धरल्या, की मागची बाजू आणखी बसते. शिवाय लांब प्लेटमुळे लिंकेजचे तरफेचे प्रमाण बदलते आणि अनेक गाड्यांत तीच स्प्रिंग आधीपेक्षा मऊ वागू लागते. या सगळ्याने फुटरेस्ट आणखी ३० मिलिमीटर खाली आले असे धरले, तर मर्यादा ३४ अंशांवर येते. मग वळणाच्या मधोमध खड्डा आला किंवा चढाच्या वळणावर आतल्या बाजूने रस्ता उचललेला असला, की उरलेले अंतर क्षणात संपते. केळघर घाटात पत्नी मागे बसलेली असताना डावीकडच्या वळणावर फुटरेस्टने रस्ता खरवडला, तेव्हा माझा वेग काही फार नव्हता. फुटरेस्ट बिजागरीवर मुडपते, त्यामुळे ते लागणे हा इशारा समजून गाडी थोडी उभी करता येते. साइड स्टँडचा पाय, क्रॅश गार्ड किंवा पेटीची चौकट मुडपत नाही. अशी वस्तू टेकली तर टायरवरचा भार तिच्यावर जाऊन चाक निसटू शकते. म्हणूनच गाडी खाली घेतल्यावर सर्वांत आधी काय टेकेल, हे कार्यशाळेने गाडी झुकवून दाखवायला हवे होते.

दुसरी तक्रार मागच्या चाकाची आहे. पुढे जी तपासणी झाली ती मागे झाली नाही. लांब प्लेट लावल्यावर शॉकॲब्सॉर्बर पूर्ण दबला की चाक मडगार्डच्या आधीपेक्षा जवळ जाते. कोरेगाव रस्त्यावरच्या एका गतिरोधकानंतर मडगार्डच्या आतल्या बाजूला टायर घासल्याची खूण मला दिसली. प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला ताण) वाढवल्यावर ते थांबले, पण प्रीलोड वाढवणे म्हणजे कमावलेल्या उंचीतली थोडी परत देणेच.

माझे मत असे, की या कामाला हात लावण्याआधी कंपनीचीच कमी उंचीची सीट बसवून पाहावी. तिने बैठक ८०५ मिलिमीटरवर येते, म्हणजे प्लेट आणि फोर्क मिळून जे देतात त्याच्या जवळपास, आणि झुकावातला एक अंशही जात नाही. गादी पातळ होते आणि गुडघे जास्त दुमडतात, हे लांबच्या प्रवासात जाणवते. नेहमी एकट्याने फिरणाऱ्याने त्यापुढे जाऊन कार्यशाळेत काम करून घेण्यास हरकत नाही. जोडीने आणि सामानासह घाटात फिरणाऱ्याने मात्र स्प्रिंगचा विचार केल्याशिवाय ३० मिलिमीटरच्या प्लेट लावू नयेत.

मी तक्रार घेऊन गेलो तेव्हा मिस्त्रींनी वाद घातला नाही. आधीच्या प्लेट परत घेऊन १५ मिलिमीटरच्या बसवल्या, फोर्क पूर्ववत केला आणि फक्त मजुरी घेतली. कमी उंचीची सीट मी वेगळी घेतली. एक अडचण उरली होती ती साइड स्टँडची. गाडी खाली घेतल्यावर मूळ स्टँडवर ती जवळजवळ उभीच राहत असे आणि उजवीकडे पडण्याची भीती असे, म्हणून पहिल्याच वेळी ‘साहेब, स्टँड कापावा लागेल’ असे सांगून त्यांनी तो कापून वेल्डिंग केला होता. आता गाडी पुन्हा वर आल्याने ती डावीकडे जास्त कलत होती. त्यावर त्यांनी स्टँडखाली एक जाड, रुंद लोखंडी पट्टी वेल्ड करून दिली, आणि चिखलात स्टँड रुतण्याचा त्रासही त्यामुळे कमी झाला.