ओव्हरपास टर्बो आणि यूमॅप: नकाशाला प्रश्न विचारायचे असतील तर

आधी सरळ सांगून टाकते, ज्यांना आपल्या शहराचा किंवा तालुक्याचा नकाशा नुसता बघायचा नाहीये, त्याला प्रश्न विचारायचाय आणि आलेलं उत्तर रंगवून चार लोकांना दाखवायचंय, त्यांच्यासाठी ओव्हरपास टर्बो आणि यूमॅप ही जोडी फुकटात मिळणारी सगळ्यात भारी गोष्ट आहे. दोन्ही ब्राउजरमध्ये चालतात, इन्स्टॉल काही करायचं नाही, कॉलेजच्या लॅबमधल्या जुन्या कम्प्युटरवरही चालतात. मी नाशिकला ज्युनिअर कॉलेजला भूगोल शिकवते, वर्गात पेठ, सुरगाणा, हरसूलकडची बरीच मुलं आहेत, होस्टेलला राहणारी, आणि प्रॅक्टिकलला जिल्ह्याचे वितरणाचे नकाशे काढायचे असतात. टिंब पद्धत, क्षेत्रघनी पद्धत (म्हणजे आकड्यानुसार अख्खा तालुका फिकट-गडद रंगवायचा), सगळं ट्रेसिंग पेपर आणि रंगपेटीवर चालायचं. हाताने काढलेला नकाशा मुलांनी एकदा तरी काढावाच असं माझं आजही मत आहे, पण एक आकडा बदलला की पूर्ण नकाशा परत रंगवा, याच्यात शिकायचं ते बाजूलाच राहतं.

तर ओव्हरपास टर्बो म्हणजे काय ते पहिलं. याच्या मागे जो डेटा आहे तो ओपनस्ट्रीटमॅपचा, २००४ मध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी इंग्लंडमध्ये सुरू केलेला, जगभरातल्या साध्या माणसांनी आपापला भाग भरून तयार केलेला नकाशा. रोजच्या वापरातला फोनमधला नकाशा आपल्याला रस्ता मस्त दाखवतो, पण त्याला म्हटलं की दिंडोरी तालुक्यातल्या सगळ्या शाळा मला फाइलमध्ये दे तर तो देत नाही. ओव्हरपास देतो. स्क्रीनवर डावीकडे क्वेरी, म्हणजे नकाशाला विचारायचा प्रश्न, लिहायची जागा, उजवीकडे नकाशा, रन दाबलं की ठिपके उमटतात, आणि एक्स्पोर्टमधून जिओजेसन, केएमएल, जीपीएक्स यातल्या पाहिजे त्या प्रकारची नकाशाची फाइल उचलून न्यायची. क्वेरीची भाषा येत नसेल तर विझार्ड आहे, त्यात इंग्रजीत स्कूल इन दिंडोरी एवढं टाइप केलं तरी तो आपोआप क्वेरी तयार करून देतो, आणि माझ्या मते शिकायची हीच बरोबर पद्धत आहे, विझार्डने लिहिलेलं वाचायचं आणि त्यात एकेक गोष्ट बदलून बघायची. अकरावीची मुलं, ज्यांनी कोडिंग कधी बघितलं नाही, ती या पद्धतीने फार लवकर रुळतात.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, नाशिक म्हटलं की शहरही नाशिक, तालुकाही नाशिक आणि जिल्हाही नाशिक. विझार्डला नुसतं नाव दिलं तर तो त्यातलं कुठलं उचलेल ते बघावं लागतं. भारतात ओपनस्ट्रीटमॅपवर जिल्ह्याच्या हद्दीला लेव्हल ५ आणि तालुक्याच्या हद्दीला लेव्हल ६ देतात, ते क्वेरीत घातलं की गोंधळ मिटतो. दुसरं, शाळा कोणी नुसता ठिपका म्हणून टाकलेली असते आणि कोणी कंपाउंड काढून क्षेत्र म्हणून, आपण फक्त ठिपके मागितले तर बाकीच्या शाळा निमूट गळतात आणि आपल्याला कळतही नाही. विझार्ड दोन्ही मागतो, स्वतः लिहिणाऱ्याने आठवणीने मागायचं.

आता याची खरी ताकद. सिंहस्थ तोंडावर आलाय, तर मुलांना प्रश्न दिला होता की रामकुंडापासून ५०० मीटरच्या आत नकाशावर सार्वजनिक स्वच्छतागृहं आणि पिण्याच्या पाण्याच्या जागा किती दिसतात. एका क्वेरीचं काम आहे. पण त्याहून मला आवडतं ते वजाबाकी करता येते ते. म्हणजे तालुक्यातल्या सगळ्या शाळा घे, आणि त्यातून दवाखान्यापासून ५ किलोमीटरच्या आत असलेल्या शाळा वजा कर, राहिलेल्या दाखव. ओव्हरपास हे सरळ करतो! हा प्रश्न ग्रामपंचायतीला, एखाद्या संस्थेला, पत्रकाराला रोज पडणारा आहे आणि त्याचं उत्तर मिळवायला आतापर्यंत जीआयएस, म्हणजे कम्प्युटरवर नकाशांचं विश्लेषण, शिकलेला माणूस लागायचा. यातलं अंतर हवाई असतं हे मुलांना मी परत परत सांगते, सावळघाटात नकाशावरचे ५ किलोमीटर आणि पायाखालचे ५ किलोमीटर यांचा काही संबंध नाही, आणि हे पेठची पोरं माझ्यापेक्षा चांगलं सांगतात.

सर्व्हर सगळ्यांचा मिळून आहे, स्वयंसेवी लोक चालवतात, त्यामुळे क्वेरीला वेळेची मर्यादा असते, विझार्डने लिहिलेल्या क्वेरीत ती २५ सेकंदांची असते. जास्त लागणार असेल तर क्वेरीतच वेळ वाढवून मागता येतो, पण अख्ख्या महाराष्ट्रातल्या सगळ्या इमारती द्या असलं काही मागू नका, ते मिळणार नाही आणि बाकीच्यांचंही काम अडेल. तालुक्या-तालुक्याने मागा.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते सांगते, आणि हे सॉफ्टवेअरच्या कुठल्या मदत-पानावर ठळक लिहिलेलं नसतं. शाळांची क्वेरी अख्ख्या जिल्ह्यावर चालवली की कॉलेज रोड, गंगापूर रोड, सिडको, पंचवटी, नाशिकरोड इथे ठिपक्यांची गर्दी दिसते आणि पश्चिमेला पेठ-सुरगाण्याकडे नकाशा मोकळा. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं की तिकडे शाळाच नाहीत. असं नाहीये. पाड्यापाड्यावर जिल्हा परिषदेची शाळा आहे, फक्त ती नकाशावर कोणी टाकलेली नाही. हजेरीपटावर नाव नाही म्हणून पोरगं गावात नाही असं थोडंच असतं. म्हणजे तुम्ही शाळांचा नकाशा म्हणून जे काढलंत तो खरं तर नकाशा भरणारी माणसं कुठे राहतात त्याचा नकाशा निघतो. आणि हा नकाशा एखाद्या रिपोर्टमध्ये जाऊन बसला, कोणी त्यावरून निर्णय घेतला, तर नुकसान कोणाचं होणार ते सांगायला नको. म्हणून माझा नियम, ओव्हरपासच्या ठिपक्यांवरून आहे एवढंच म्हणायचं, नाही असं म्हणायचं नाही, आणि तालुक्यांची तुलना करायची असेल तर जनगणनेचे किंवा सरकारी यादीचे आकडे घ्यायचे. वरची दवाखान्याची वजाबाकीसुद्धा याच कारणाने जाऊन तपासल्याशिवाय कुठे छापायची नाही.

तुलनेसाठी येतो यूमॅप. हा पण ओपनस्ट्रीटमॅपवरच उभा आहे, फ्रान्समधल्या ओपनस्ट्रीटमॅपवाल्यांचा सर्व्हर, फुकट. इथे ओव्हरपासमधून आणलेल्या पंधरा तालुक्यांच्या हद्दी टाकायच्या, टेबल उघडून प्रत्येक तालुक्यासमोर आकडा भरायचा, लेयरचा प्रकार क्षेत्रघनीचा निवडायचा, की तालुके फिकट ते गडद रंगून समोर. पंधराच ओळी आहेत, हाताने भरणं काही जड नाही. ठिपके असतील तर त्यांचे गुच्छ करणारा लेयर आहे, हीटमॅप आहे, प्रकारानुसार वेगळे रंग देणारा आहे. लेबलसाठी कुठला कॉलम घ्यायचा ते आपण ठरवतो, त्यामुळे मराठी नावांचा कॉलम दिला की नकाशावर सुरगाणा, कळवण, बागलाण असं मराठीत येतं, वर्गात याचा फार फरक पडतो.

इथे दोन गोष्टींवर मी अडून बसते. एक, आकडा नाही, टक्केवारी रंगवा. २०११च्या जनगणनेत पेठ तालुक्याची लोकसंख्या सव्वा लाखाच्या आत आहे आणि नाशिक तालुक्याची साडेसतरा लाखांच्या आसपास. आता आदिवासी लोकसंख्येचा नुसता आकडा रंगवला तर छोटा तालुका म्हणून पेठ मागे पडतो, आणि टक्केवारी रंगवली तर पेठ-सुरगाणा सगळ्यात गडद, कारण दोन्हीकडे ९० टक्क्यांच्या वर लोक अनुसूचित जमातीचे आहेत, जिल्ह्याची सरासरी मात्र २५ टक्क्यांच्या आसपास. डेटा तोच पण नकाशे दोन वेगळे, आणि दुसरा खरं बोलतो. (२०२१ची जनगणना झालीच नाही म्हणून अजून २०११लाच धरून बसावं लागतं, नकाशाखाली वर्ष लिहायला विसरू नका.)

दोन, वर्ग कसे पाडले ते बघा. यूमॅपमध्ये समान अंतराने, समान संख्येने, जेंक्स पद्धतीने (जवळजवळचे आकडे एका वर्गात) किंवा स्वतःच्या मनाने असे पर्याय आहेत. एकूण लोकसंख्या समान अंतराने पाच वर्गांत टाकून बघा, नाशिक तालुका एकटा सगळ्यात गडद, मालेगाव मधे कुठेतरी, आणि बाकी बहुतेक जिल्हा एकाच फिकट रंगात, म्हणजे सिन्नर आणि सुरगाण्यातला फरक दिसतच नाही. वर्ग समान संख्येने पाडले की हाच जिल्हा एकदम बोलायला लागतो. मुलांना मी दोन्ही नकाशे शेजारी लावून विचारते की तुम्हाला यातला कुठला पटतो आणि का, त्यावर जी भांडणं होतात ती मला पूर्ण धड्यापेक्षा मोलाची वाटतात. रंग कलरब्रूअरचे तयार मिळतात, ते जरूर वापरा, रंगांधळ्या माणसाला पण वाचता येतील असे संच त्यात आहेत, लाल-हिरवं शेजारी शेजारी करू नका.

नावांचं जरा बघून घ्या. जनगणनेच्या इंग्रजी टेबलमध्ये पेठचं स्पेलिंग वेगळं आहे, येवल्याचं वेगळं, आणि सटाणा शोधाल तर तालुका बागलाण नावाने आहे. हाताने भरताना हे कळतं, फाइलला फाइल जोडताना तो तालुका नुसता रिकामा राहतो. डेटारॅपर नावाचं जर्मनीचं टूल पण चांगलं आहे, त्यात एक्सेलमधून टेबल चिकटवलं की नावं जुळवून नकाशा रंगतो आणि दिसायला यूमॅपपेक्षा सुबक, बातमीत किंवा लेखात टाकायला मी तेच सांगेन. पण एकाच नकाशात गावोगावचे ठिपके, फोटो, विहिरींची माहिती असं सगळं एकत्र ठेवायचं असेल तर यूमॅपच बरा. एका नामांकित कंपनीचं पैसे भरून घ्यायचं सॉफ्टवेअरही आम्ही ट्रायलवर बघितलं, ताकदीचं आहे यात वादच नाही, पण ट्रायल संपल्यावर मुलांनी केलेलं काम कुलपात, आणि कॉलेजला ते परवडणारं नाही.

पाण्याचा नकाशा हा आमच्याकडचा सगळ्यात आवडता विषय, त्याच्याबद्दल थोडं. इगतपुरी-त्र्यंबकला ढगफुटीसारखा पाऊस, तीन हजार मिलिमीटरच्या घरात जाणारा, आणि येवला-नांदगाव-सिन्नरकडे पाचशे-सहाशेच्या आसपास. पावसाचा नकाशा पश्चिमेला गडद, पूर्वेला फिकट, अपेक्षेप्रमाणे. मग त्याच हद्दींवर उन्हाळ्यातल्या टँकरचा लेयर टाकला की पूर्वेकडचे तालुके तर रंगतातच पण इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाण्यातली गावंही त्यात दिसतात. पाऊस धो धो पडतो आणि डोंगरउतारावरून वाहून जातो, काळ्या बेसॉल्टमध्ये मुरत नाही, धरणं भरतात पण पाड्यावरच्या बाईच्या डोक्यावर हंडा तसाच. दोन लेयर चालू-बंद करताना हे मुलांना जसं कळतं तसं माझ्या तोंडून सांगून कधी कळलं नव्हतं.

सांभाळायच्या गोष्टी. यूमॅपवर लॉगिन न करता नकाशा केला तर एडिटची एक गुप्त लिंक मिळते, ती हरवली की बदल करता येत नाही आणि ग्रुपवर चुकून पडली की कोणीही बदल करू शकतो, त्यामुळे ओपनस्ट्रीटमॅपचं खातं काढून लॉगिन करूनच सुरुवात करा. घरोघरच्या सर्व्हेची नावं, फोन नंबर असला डेटा पब्लिक नकाशावर अजिबात टाकू नका. नकाशाखाली ओपनस्ट्रीटमॅप योगदानकर्त्यांचं श्रेय ठेवणं लायसन्सनुसार बंधनकारक आहे, कापून टाकू नका. आणि पूर्ण देशाचा नकाशा छापणार असाल तर सीमा सर्व्हे ऑफ इंडियाच्याच घ्या, ओपनस्ट्रीटमॅपवरच्या उत्तरेकडच्या सीमा आपल्या अधिकृत नकाशाप्रमाणे नाहीत. जिल्ह्यापुरतं काम असेल तर हा प्रश्न येत नाही.

मोबाइलवर यूमॅपची लिंक व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवली की पालकांना पण उघडते, ओव्हरपासला मात्र लॅपटॉपच पाहिजे, छोट्या स्क्रीनवर क्वेरी लिहिणं त्रासाचं आहे. वर्गात लावायला मोठी प्रिंट, त्यावर प्रमाण, दिशा, नीट सूची असं हवं असेल तर जिओजेसन उचलून क्यूजीआयएस या कम्प्युटरवर इन्स्टॉल करायच्या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये न्या, तेही फुकट आहे पण शिकायला वेळ द्यावा लागतो.

आमच्या होस्टेलच्या मुलांनी आता सुट्टीत घरी जाताना आपल्या पाड्यावरची शाळा, हातपंप, आरोग्य उपकेंद्र मोबाइलवरून ओपनस्ट्रीटमॅपवर टाकायला घेतलंय. टाकलेलं थोड्याच वेळात ओव्हरपासमध्ये दिसायला लागतं. आणि ओव्हरपासला मागची तारीख देता येते, म्हणजे त्या दिवशी नकाशात काय भरलेलं होतं ते तो दाखवतो, तर जून महिन्याची तारीख घालून एक आणि आजची एक अशा दोन फाइल काढून यूमॅपवर दोन लेयर करायचे ठरलंय, कोणत्या गावात भर पडली आणि कोणतं गाव अजून राहिलंय ते त्यावर बघून पुढच्या सुट्टीची यादी मुलंच करणार आहेत.